आधी पार्क, मग समुद्र

सहलीचा सल्ला : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं
(ताईंनी ठाण्याच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातल्या बहुतेक वर्षी शाळेच्या सहली नेल्या. त्यांचं माहेर अलिबागजवळच्या अक्षीचं.)

प्रश्न : नमस्कार ताई. यंदा भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरहून अलिबागला निघतोय. चार रात्री नागावला घरगुती ठिकाणी राहायचं ठरलंय. आम्ही दोघं, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. गाडी आमचीच, चालवणार हे. मुलीला खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचंच आहे, तिच्या मैत्रिणी सगळ्या जाऊन आल्या. खोपोली वाटेवरच लागतं, म्हणून हे म्हणतात की येताना एक दिवस पार्क उरकू आणि तसेच रात्री घरी परतू. मुलगा मात्र पाळण्यांना घाबरतो. त्यावरून हे त्याला चिडवतात, "मुलगा असून काय घाबरतोस" म्हणतात, आणि तो रडतो. सासूबाईंचं म्हणणं, समुद्र दारात असताना पैसे मोजून पाण्यात खेळायला कशाला जायचं? पार्कचा दिवस कधी आणि कसा बसवावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कालनिर्णय घेऊन बसले. सहल समुद्राची असली की मी आधी तिथी बघते, वार नंतर.

पण त्याआधी परतीच्या दिवसाचं बोलते, कारण त्याची मला काळजी वाटते. येताना पार्क करून रात्री थेट कोल्हापूर, हा बेत कृपा करून रद्द करा. पार्कात दिवसभर उन्हात चालणं होतं, रांगांमध्ये उभं राहणं होतं, पाळण्यांमध्ये अंग घुसळून निघतं. संध्याकाळी सात-आठला बाहेर पडलात की पुढे खोपोली ते कोल्हापूर तीनशेच्या आसपास किलोमीटर. त्यात बोरघाट चढायचा, पुणं ओलांडायचं, मग खंबाटकी आणि पुढचा सगळा हायवे. गाडी चालवणारे एकटे तुमचे यजमान आणि तेही दिवसभर मुलांच्या मागे फिरलेले. मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतात आणि पुढच्यालाही डुलकी लागते. सहलींना बस रात्री परत आणायची वेळ आली की मी ड्रायव्हरशेजारी बसून मुद्दाम बडबड करत राहायचे, वाटेत दोनदा चहाला थांबवायचे. तरी घाटात छातीत धडधड व्हायचीच. तुमच्याकडे एकच ड्रायव्हर आहे. ही जोखीम घेऊ नका.

खोपोली वाटेवर आहे, हे मात्र त्यांचं बरोबर आहे. त्याचा फायदा जाताना घ्या.

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तुम्ही निघणार तृतीयेला. त्या दिवशी सकाळी निघून दुपार टळायच्या आत खोपोली गाठा आणि पहिली रात्र तिथेच काढा. पार्कच्या आवारात मोठं हॉटेल आहे, ते खिशाला जड वाटलं तर खोपोली-खालापूर भागात साधी हॉटेलंही आहेत. दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, ताज्या दमानं पार्क करा. संध्याकाळी पेणमार्गे नागाव, साठ-सत्तर किलोमीटर. दिवाळीत वडखळजवळ गाड्या तुंबतात, म्हणून दोन-अडीच तास धरा. उरलेल्या तीन रात्री नागावला. नागावची एक रात्र कमी होते हे खरं, पण येऊन-जाऊन पार्क करायचं तर तुमचे चार-पाच तास गाडीतच गेले असते. घरमालकांना आत्ताच फोन करून कळवा.

पार्क आधी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, ते कुठल्या जाहिरातीत सापडत नाही. समुद्रावर दोन दिवस घालवले की मुलांचे खांदे आणि मान भाजून निघतात, मांड्यांच्या आतल्या बाजूला खारं पाणी आणि वाळू घासून कातडी सोलवटते. पार्कातल्या मोठ्या पाळण्यांना खांद्यावरून खाली येणारी, छातीशी आवळून बसणारी चौकट असते. ती भाजलेल्या खांद्यांवर बसली की पोरं कळवळतात. आमच्या एका सहलीत मी गणपतीपुळे आधी ठेवलं आणि पार्क शेवटी. अर्ध्या मुली दुपारनंतर सावलीत ओल्या रुमालानं खांदे पुसत बसल्या होत्या. चूक माझी होती. त्यांनी वर्षभर त्या दिवसाची वाट पाहिली होती.

आता तिथी. माझे काका अक्षीला होडीवर जायचे. त्यांनी मला लहानपणी शिकवलेला हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. त्यात साधारण सहा तास मागे-पुढे केले की सुकती, म्हणजे पाणी सर्वांत खाली. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात विचारायचंच, पण बेत आखायला हा हिशोब पुरतो.

तुमच्या तिथींना तो लावून बघा. पंचमीला सकाळी दहाच्या आसपास सुकती येते. म्हणजे अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात जायला हाच दिवस. नाश्ता करून नऊ-सव्वानऊला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचा, साडेअकराच्या आत परत वाळूवर या. शुद्ध पंचमी-षष्ठीकडे पाणी भांगाचं व्हायला लागतं, उधाणाच्या दिवसांसारखं लांबवर ओसरत नाही, त्यामुळे मध्ये घोट्याएवढं, कधी गुडघ्याएवढं पाणी राहतं. किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, सासूबाईंना त्यात बसवा. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, ती मुलांना जरूर दाखवा. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यावर तरंगून राहतं, हे तिथे उभं राहून सांगितलं की पुस्तकातला धडा कायमचा लक्षात राहतो.

षष्ठीला काही ठरवू नका. सकाळी अकराच्या सुमारास नागावची वाळू रुंद आणि घट्ट असते, तेव्हा खेळायचं. मुलगी नववीच्या आसपास असेल तर संध्याकाळी तिला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगा. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडेल, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. सप्तमीला सकाळी लवकर निघा, उजेडात घरी पोचाल.

एकच अडचण येऊ शकते. चतुर्थी शनिवारी किंवा रविवारी आली तर पार्कात मुंबई-पुण्याची गर्दी असते. तसं असेल तर सगळा बेत पुढे सरकवा, रविवार असेल तर एक दिवस, शनिवार असेल तर दोन, पण क्रम बदलू नका.

सासूबाईंबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यांची इच्छा आली आहे, सासूबाईंचा फक्त आक्षेप आला आहे. त्यांना काय करायचं आहे, हे कुणी विचारलंय का? मला वाटतं चतुर्थीचा दिवस त्यांना आवडेल. कारण ती विनायकी चतुर्थी आणि खोपोलीच्या अगदी जवळ महडचा वरदविनायक, अष्टविनायकांपैकी एक. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचं सांगतात. सकाळी उठून सगळ्यांनीच आधी दर्शनाला जा. चतुर्थीची गर्दी असणार, म्हणून सातच्या आत पोचा. गुडघ्यांमुळे त्यांना रांगेत उभं राहवत नसेल तर तुम्ही रांगेत थांबा, त्या बाहेर बसू देत, नंबर आला की बोलवा. पार्क साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतं, तोवर सगळं आरामात होतं.

मग पार्कात त्यांनी यायचं का? त्यांनी ठरवू दे. मी साठी ओलांडल्यावर भाच्यांबरोबर गेले होते. बसून बघण्यासारखंही तिथे बरंच आहे. 'आय फॉर इंडिया' नावाच्या खेळात मोठ्या पडद्यासमोर बसायचं, खुर्च्या हलतात आणि आपण देशावरून उडत चाललो आहोत असं वाटतं. गुडघ्यांना त्रास नाही, पण चक्कर येत असेल, मणक्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी दारावरची सूचना वाचून, तिथल्या माणसांशी बोलून मगच बसवा. संध्याकाळी मिरवणूक निघते, ती सावलीत जागा धरून बघता येते. दिवसभर चालणं नको म्हणाल्या तर त्या हॉटेलवर राहू देत. मात्र "आई, तुम्हाला काय जमणार" हे आपण त्यांच्या वतीनं बोलायचं नाही.

त्यांचा आक्षेप मात्र नीट ऐकण्यासारखा आहे. समुद्र दारात असताना विकतचं पाणी कशाला? मी समुद्राकाठी वाढले आणि मला उलटं वाटतं. आमच्या किनाऱ्याचं पाणी खेळायला दिसतं तितकं सोपं नाही. वाळूचे उंचवटे जागा बदलतात, त्यांच्या मधल्या चरातून पाणी आत ओढतं. काल जिथे पोटरीएवढं होतं तिथे आज छातीएवढं असतं. ओहोटी लागली की ओढ वाढते. आमच्याकडे म्हातारी माणसं पर्यटकांना हातवारे करून मागे बोलवायची आणि लोक हसून पुढे जायचे. आठ वर्षांच्या मुलाला समुद्रात गुडघ्याच्या वर नेऊ नका, आणि तेही पाणी चढतं असताना, हात धरून. वॉटर पार्कातल्या लाटांच्या तलावात तळ सपाट, पाणी मोजलेलं आणि बघायला जीवरक्षक असतात. तिथे तो मोकळेपणानं डुंबेल. दोन्ही पाण्यांची गंमत वेगळी आहे.

मात्र एका दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करू नका. इमॅजिकात थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क पुढच्या वर्षी आलं. दोन्हींची तिकिटं वेगळी असतात आणि दोन्हींना पूर्ण दिवस लागतो. तुम्हाला पुढे दोन दिवस पाणीच आहे, तेव्हा थीम पार्क घ्या. पुढे कधी वॉटर पार्क केलंत तर नायलॉनचे पोहायचे कपडे घरूनच न्या, सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत.

मुलीला नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं असणार, मैत्रिणी त्याचंच वर्णन करतात. बसू दे. उंचीची अट असते, ती आधी पार्कच्या संकेतस्थळावर बघा आणि घरीच भिंतीशी अनवाणी उभी करून मोजा. रांगेत तासभर थांबून पट्टीपाशी अडवलं की पोरांचा चेहरा बघवत नाही. नायट्रो स्विस कंपनी बोलिगर अँड माबियार्डची आहे. उंची चाळीस मीटरच्या आसपास, वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो आणि पायांखाली फळी नसते, पाय मोकळे लोंबतात. त्यामुळे चप्पल काढून ठेवावी लागते, चष्मा आणि मोबाईल बाहेर. दार उघडल्या उघडल्या आधी तिकडे जा, नंतर रांग वाढते. जेवण त्याच्या आधी नको, हलका नाश्ता पुरे.

तिला एक प्रश्न देऊन पाठवा. ती उलटी होते ती गिरकी पूर्ण गोल असते का? नसते. पाण्याच्या थेंबासारखी असते, वर निमुळती, खाली पसरट. गोल असती तर खाली येताना शरीरावर एकदम फार मोठा भार पडला असता. आकार बदलून तो भार पसरवला आहे. आणि गाडी ओढायला साखळी लागते ती फक्त पहिल्या चढावर. पुढचं सगळं त्या उंचीतूनच येतं. खोपोलीला हे सांगायला मला विशेष आवडतं, कारण तिथून जवळच टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून उभं आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटावरून खाली आणून त्यावर वीज होते. वर साठवायचं आणि खाली सोडायचं, दोन्हीकडे हेच.

आता तुमचा मुलगा. पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ होती, पण मी तिच्यापाशी सर्वांत जास्त थांबले.

नव्वदच्या दशकात आम्ही सहावीची सहल लाँचनं खाडीपलीकडच्या पार्कात नेली होती. एक मुलगा कुठल्याच पाळण्यात बसेना. बाकीची मुलं त्याला चिडवायला लागली. मला वाटलं, एकदा बसला की भीती मोडेल. मी त्याचा हात धरून त्याला एका मोठ्या पाळण्यात माझ्या शेजारी बसवलं. तो ओरडला नाही. डोळे घट्ट मिटून, माझं मनगट नखं रुतेपर्यंत धरून बसला होता. खाली उतरल्यावर ओकला आणि परतीच्या लाँचमध्ये कुणाशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला, पण त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला तो हात वर करत नसे. मी त्याची भीती मोडली नव्हती. माझ्यावरचा त्याचा विश्वास मोडला होता. एवढ्या वर्षांत मी अनेक मुलांना विसरले, त्याला नाही.

पोटात गोळा येतो तो भित्रेपणा नसतो. गाडी खाली झेपावते तेव्हा आसन खालून आपल्याला नेहमीसारखं उचलून धरत नाही, आतड्यांनाही आधार उरत नाही, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र मेंदूला सांगतं, पडतोयस. ज्याला हे तीव्रतेनं जाणवतं त्याला ते नको वाटणं अगदी साहजिक आहे. यात मुलगा-मुलगी काही नाही. हे यजमानांना वाचायला द्या. माझ्या नावावर खपवा हवं तर.

त्याच्यासाठी तिथे भरपूर आहे. उडत्या हत्तींचा पाळणा हळू चालतो. चाळीस चोरांचा खेळ बसून नेम धरायचा. आणि राजासॉरसची पाण्यातली सफर : अंधाऱ्या गुहेतून होडी जाते आणि शेवटी पाण्यात उडी घेते. त्याची उंची बसली तरी त्या उडीबद्दल त्याला आधी खरं सांगा, त्यानं हो म्हटलं तरच न्या. नाही म्हणाला तर बाहेर उभं राहून भिजून येणाऱ्यांना बघण्यातही मजा असते. राजासॉरस हा खरा प्राणी होता, हे त्याला सांगा. त्याचे अवशेष गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला मिळाले, २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. तो होता तो काळ क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगाच्या शेवटाचा, आणि ज्या लाव्हाचा सह्याद्री झाला तो लाव्हाही त्याच युगाच्या सरत्या काळात वाहायला लागला. पार्कातून मान वर केली की समोर जे काळे कातळ दिसतात ते त्याच लाव्हाचे. आठ वर्षांच्या मुलाला डायनासोर आणि ज्वालामुखी एकत्र मिळाल्यावर नायट्रोची आठवण राहील असं मला वाटत नाही.

बहीण नायट्रोत असेल तेव्हा त्याला एक काम द्या : गाडी किती वेळा उलटी होते ते मोजायचं आणि ती खाली आली की सांगायचं. आजी सोबत असतील तर दोघं मिळून मोजतील.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी गेटवेहून लाँचनं अलिबागला जाणार आहोत. गाडी नाही. तिथून एक दिवस इमॅजिका जमेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : एसटीनं अलिबाग ते पेण, पेण ते खोपोली आणि पुढे रिक्षा असं जाता येईल, पण पार्क उघडण्याच्या वेळेत पोचणं कठीण आणि संध्याकाळी परतणं त्याहून कठीण. तुम्ही मुंबईच्या आहात, तर दोन्ही वेगळं ठेवा. अलिबागला लाँचनं जा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटही २०२० पासून जाते. पार्कसाठी दुसऱ्या कुठल्या तरी आठवड्यात, मधल्या वारी, सकाळची खोपोली लोकल पकडा. दादरहून थेट खोपोली गाड्या कमी आहेत, नाहीतर कर्जतला बदलावी लागते. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा आणि मिरवणुकीसाठी थांबायचं असेल तर रिक्षावाल्याला संध्याकाळचंही आधीच सांगून ठेवा.